सायनस ठणकतोय आणि डॉक्टर घरी बोलवायचेत? पुण्यात नव्याने आलेल्यांसाठी

पुण्यात नव्याने राहायला आलेल्या माणसाला गॅस, इंटरनेट, पोळ्यांच्या बाई, सगळं पंधरा दिवसांत मिळतं. फॅमिली डॉक्टर मात्र पहिलं आजारपण येईपर्यंत कोणी शोधत नाही. मग आठवडाभराची सर्दी एका संध्याकाळी गालात आणि भुवयांत उतरते, खाली वाकलं की डोकं फुटेल असं वाटतं, वरच्या दाढा दुखतात, अंगात कणकण असते. 'कोणी डॉक्टर घरी येतात का?' असं सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं की वाफ घ्या, सुंठ उगाळून लावा, अमुक गोळी घ्या, माझ्या साडूला हेच झालं होतं, असे सल्ले धडाधड येतात. डॉक्टरचा नंबर त्यात असलाच तर एखादा.

खालचं सगळं पुणे-पिंपरी डोळ्यापुढे ठेवून लिहिलं आहे. मुंबई-ठाण्याला किंवा नाशिकला तपशील थोडे बदलतील, पद्धत तीच. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. व्हिजिटचे पैसे आपण तपासणीसाठी देतो. हा साधा सायनस आहे की त्याच्या आडून दुसरं काही चाललंय, हे जाणत्या माणसाने हात लावून, टॉर्च मारून बघावं यासाठी. गोळ्या त्यानंतर. गोळ्यांसाठीच बोलवायचं असेल तर बऱ्याचदा बोलवायची गरजच नसते.

आधी हे बघा: घरी थांबायचंच नाही असे प्रकार

आपले सायनस म्हणजे गालाच्या हाडात, कपाळात, नाकाच्या मुळाशी आणि त्याच्याही मागे खोलवर असलेल्या हवेच्या पोकळ्या. चार जोड्या. त्यांच्या भिंतींपलीकडे डोळ्यांच्या खोबण्या आहेत आणि मेंदूचं आवरण आहे. त्या भिंती काही ठिकाणी कागदासारख्या पातळ असतात. संसर्ग पलीकडे जाणं दुर्मीळ, पण गेला तर काही तासांत चित्र बदलतं. म्हणून पुढचं काही दिसलं तर डॉक्टरांची वाट बघत बसू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा:

- डोळ्याभोवती सूज किंवा लाली, डोळा बाहेर आल्यासारखा दिसणं, एकाचे दोन दिसणं, कमी दिसणं, डोळा फिरवताना दुखणं
- कपाळावर मऊ, दुखरी सूज
- आधी कधी झाली नाही इतकी भयंकर डोकेदुखी, मान ताठ, वारंवार उलट्या
- बोलण्यात गोंधळ, गुंगी, आकडी

लहान मुलांच्या बाबतीत तर डोळ्याच्या पापणीची सूज दिसली की व्हिजिटचा विषय संपला. नाकाच्या मुळाशी असलेल्या पोकळ्या मुलांमध्ये जन्मापासून असतात आणि तिथून डोळ्याकडे जायला अंतर नसल्यासारखंच. उचला आणि न्या.

मधुमेह असलेल्यांसाठी वेगळा परिच्छेद हवा. २०२१ च्या उन्हाळ्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर, काळ्या बुरशीने महाराष्ट्रात काय केलं ते अनेक घरांना अजून आठवतं. म्युकरमायकोसिसची सुरुवात अगदी 'सायनस झालाय' अशीच वाटायची. एकाच बाजूचं नाक बंद, गाल दुखणं, चेहरा जड. पुढच्या खुणा मात्र वेगळ्या: गाल बधिर होणं, नाकातून काळपट किंवा रक्ताळ स्राव, तोंडातल्या टाळूवर काळा डाग, वरचे दात हलायला लागणं. साखर फार वाढलेली असेल, किंवा स्टेरॉइड, केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं चालू असतील, आणि यातलं एक जरी दिसलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा विभाग असलेलं हॉस्पिटल गाठायचं.

न्यायला कोणी नसेल तर १०८. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे, पैसे लागत नाहीत आणि गाडीत डॉक्टर असतात. पण त्या डॉक्टरांना 'घरी बघून गोळ्या लिहून द्या' म्हणून बोलवायचं नसतं. ती गाडी कोणाच्या तरी हार्ट अटॅकसाठी लागणार असते.

मग घरी कोणी बोलवावं?

रिक्षात बसता येत असेल तर दवाखान्यात जा. हे रूक्ष वाटेल, पण तिथे उजेड चांगला असतो, डॉक्टरांची सगळी अवजारं हाताशी असतात आणि फी कमी असते. घरी बोलवायला कारण हवं, आणि कारणं भरपूर असतात: अंथरुणाला खिळलेली आजी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले वडील, दिवस भरत आलेली गरोदर बाई, तान्हं बाळ घेऊन घरात एकटी असलेली आई, तापात चक्कर येऊन भिंत धरून चालणारा एकटा राहणारा मुलगा. यांनी संकोच करू नये.

आजार किती दिवसांचा आहे यावरही बरंच ठरतं. अचानक उद्‌भवणारा सायनस बहुतेक वेळा साध्या सर्दीच्या विषाणूचाच असतो आणि आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरतो. सर्दीच्या शंभर रुग्णांमध्ये जिवाणूंचा सायनस होतो तो जेमतेम एका-दोघांना. जिवाणूंचा संशय घ्यायच्या खुणा ठरलेल्या आहेत. दहा दिवस उलटले तरी तसूभर फरक नाही, ही एक. सर्दी बरी होत आली होती आणि पाचव्या-सहाव्या दिवसानंतर दुखणं, ताप, स्राव सगळं पुन्हा उसळलं, ही दुसरी. आणि तिसरी, सुरुवातीपासूनच १०२ च्या पुढे ताप, नाकातून पू आणि चेहरा दुखणं, हे सलग तीन-चार दिवस. शेंबडाचा रंग पिवळा-हिरवा झाला एवढ्यावरून काहीच ठरत नाही. साध्या सर्दीतही तो तसा होतो. या एका गैरसमजापायी किती अँटिबायोटिक्स गिळली गेली असतील!

तिसऱ्या-चौथ्या दिवसाचं ठणकणं, ताप १०० च्या आत, खाणंपिणं चालू, असं असेल तर व्हिजिटआधी व्हिडिओवर बोलून बघायला हरकत नाही. २५ मार्च २०२० ला केंद्राने टेलिमेडिसिनचे नियम काढले तेव्हापासून व्हिडिओवर तपासून चिठ्ठी देणं रीतसर आहे, फक्त त्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. सरकारची ई-संजीवनी सेवा मोफत आहे. कॅमेऱ्यातून नाकाच्या आत दिसत नाही हे खरं, पण 'आज रात्री हलवायला हवं का' एवढं बऱ्याचदा समजतं.

डॉक्टर शोधायचे कुठे

पहिला थांबा कोपऱ्यावरचं मेडिकल. काउंटरवरच्या माणसाला विचारा, 'या भागात व्हिजिटला कोण जातं?' कोणत्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या कुठल्या सोसायट्यांतून येतात हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं. विचारून झाल्यावर तो 'तोपर्यंत हे घ्या' म्हणून गोळ्यांचा एक पत्ता पुढे सरकवेल. तो घ्यायचा नाही, त्यावर पुढे बोलू.

दुसरा थांबा, तुमच्या इमारतीतले सगळ्यात म्हातारे रहिवासी. ज्या घरात ऐंशीच्या पुढचे आजोबा आहेत त्या घरात व्हिजिटला येणाऱ्या डॉक्टरांचा नंबर असतोच असतो, बहुधा फ्रिजवर चिकटवलेला. ग्रुपवर प्रश्न टाकण्यापेक्षा त्या दाराची बेल वाजवा. नव्या माणसाची ओळखही होते.

तिसरं म्हणजे मोठ्या हॉस्पिटलांचे होम-केअर विभाग आणि घरी डॉक्टर पाठवणाऱ्या खासगी सेवा. रात्री-अपरात्री याच उपयोगी पडतात. इथे येणारा डॉक्टर तुमच्या ओळखीचा नसतो आणि पुढच्या वेळी तोच येईल याची खात्री नसते, म्हणून बुकिंग करतानाच पदवी विचारायची: एमबीबीएस, एमडी, बीएएमएस (आयुर्वेद) की बीएचएमएस (होमिओपॅथी). यात कोणाचा अपमान नाही. बीएएमएस फॅमिली डॉक्टरांनी पुण्याची अख्खी उपनगरं सांभाळली आहेत. पण कोण येतंय हे कळण्याचा हक्क पेशंटला आहे. एमबीबीएस आणि पुढच्या पदव्यांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते आणि त्यांच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. पदवी विचारल्यावर पलीकडचा माणूस 'सीनियर डॉक्टर आहेत हो' एवढंच म्हणत राहिला तर दुसरीकडे फोन लावा.

कान-नाक-घशाचे तज्ज्ञच घरी यावेत असा आग्रह काहींचा असतो. ते सहसा येत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. दुर्बीण, सक्शन, कपाळावरचा दिवा हे सगळं त्यांच्या खोलीत असतं. त्याशिवाय ते जे करतील ते चांगला जनरल प्रॅक्टिशनरही करतो.

आणि एक धोका. सर्च करून सापडलेल्या पहिल्याच मोबाईल नंबरवर 'अपॉइंटमेंट कन्फर्म करायला दहा रुपये या लिंकवर भरा' किंवा 'हे ॲप डाउनलोड करा' असं सांगितलं तर फोन ठेवा. आजाऱ्याच्या घाईवर जगणारे चोर आहेत हे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा.

फोन कधी आणि काय बोलायचं

दवाखान्यांच्या वेळा साधारण सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी सहा ते नऊ. व्हिजिटा होतात त्या मधल्या वेळात किंवा रात्री दवाखाना बंद झाल्यावर. पुण्याची दुपार उगाच बदनाम आहे, तुमच्याकडे डॉक्टर येण्याची सगळ्यात जास्त शक्यता तेव्हाच असते. त्यामुळे सकाळी अकराच्या आत कळवलं तर त्याच दुपारी काम होतं. रविवारी संध्याकाळी बहुतेक दवाखाने बंद, म्हणून शनिवारी रात्री दुखणं वाढतंय असं वाटलं तर रविवार सकाळ वाया घालवू नका.

फोन बहुधा रिसेप्शनवरच्या मॅडम उचलतात. 'सायनस झालाय, डॉक्टरांना पाठवा' एवढं सांगितलं तर 'उद्या दवाखान्यात या' हेच उत्तर येणार. त्यांच्याकडून डॉक्टरांचा व्हॉट्सॲप नंबर घ्या आणि असा एक निरोप पाठवा:

'नमस्कार डॉक्टर. पेशंट माझे वडील, वय ६८. नऊ दिवसांपूर्वी सर्दी झाली, मधे दोन दिवस बरं वाटलं, कालपासून उजवा गाल आणि कपाळ ठणकतंय. नाकातून घट्ट पिवळं येतंय. काल रात्री ताप १०१.४. डोळ्याला सूज नाही, दिसायला त्रास नाही, बोलणं व्यवस्थित. मधुमेह आहे, गोळ्या चालू. आज सकाळची उपाशीपोटी साखर १६८. पेनिसिलिनची ॲलर्जी नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, जिना उतरता येत नाही. आज व्हिजिट जमेल का? साधारण किती वाजता, आणि फी किती? कोथरूड, दुसरा मजला, लिफ्ट नाही.'

यात फापटपसारा नाही, पण डॉक्टरांना हवं ते सगळं आहे. 'मधे दोन दिवस बरं वाटलं' या पाच शब्दांवर पुढचा उपचार बदलू शकतो. 'डोळ्याला सूज नाही' वाचून त्यांना कळतं की संध्याकाळपर्यंत थांबता येईल. आणि 'जिना उतरता येत नाही' हे नसेल तर त्यांनी का यावं, हा प्रश्न उरतो. घाबरून लक्षणं फुगवू नका. एकदा फुगवलीत की पुढच्या वेळी खरं सांगितलेलंही फुगवलेलं वाटतं.

फी विचारायला लाजायचं कारण नाही. ती अंतरावर, वेळेवर आणि डॉक्टरांवर ठरते. दवाखान्यातल्या फीच्या तिप्पट-चौपट सांगितली तर दचकू नका. एका व्हिजिटच्या वेळात दवाखान्यात चार पेशंट होतात, आणि सिंहगड रस्त्याचा ट्रॅफिक त्यांनाही आहे. रात्री नऊ-दहानंतर ती आणखी वाढते. घासाघीस करण्यापेक्षा तेवढ्या पैशांत रिक्षा करून दवाखान्यात जाता येतं का ते बघा. मेडिक्लेममधून हे पैसे मिळतील अशी आशा सहसा धरू नये. ओपीडीचं वेगळं संरक्षण घेतलेलं असेल तर मात्र पावती नक्की मागा.

डॉक्टर येईपर्यंत

ताप आणि दुखण्याला पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला ६५० ची एक गोळी, पुन्हा लागली तर सहा तासांनी, आणि डॉक्टरांना न विचारता दिवसात चारच्या वर नाही. यकृताचा आजार असेल किंवा रोजचं मद्यपान असेल तर एक गोळीसुद्धा विचारून. इथे एक नेहमीची गफलत होते. सर्दीच्या ज्या जोडगोळ्या मेडिकलमध्ये मिळतात, सिनारेस्टसारख्या, त्यांच्यातही पॅरासिटामॉल असतंच. वर वेगळी क्रोसिन किंवा डोलो घेतली की दुप्पट डोस पोटात जातो. पत्त्याच्या मागची बारीक अक्षरं वाचा. याच गोळ्यांतल्या इतर औषधांनी रक्तदाब चढू शकतो, आणि प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडू शकते. म्हाताऱ्या माणसाला या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नयेत.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, कॉम्बिफ्लाम यांना तूर्त हात लावू नका, विशेषतः जून ते नोव्हेंबर. कारण डेंग्यू. डोळ्यांच्या मागे दुखतंय, कपाळ फुटतंय, ताप चढलाय, हे सायनसचंही वर्णन आहे आणि डेंग्यूचंही. फरक असा की डेंग्यूत नाक बहुधा कोरडं असतं, अंग मोडून येतं, आणि पाच-सात दिवस आधी सर्दीही झालेली नसते. डेंग्यू असताना या वेदनाशामकांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पावसाळ्यात 'सायनस' म्हणून बोलावलेले डॉक्टर आधी रक्त तपासायला सांगतात ते याच शंकेने. पॅथॉलॉजीचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन जातो, त्यासाठी पेशंटला हलवावं लागत नाही.

नाकात मिठाचं पाणी हा सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा दिलासा. एक लिटर पाणी खळखळ उकळून गार करा, त्यात नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा. नेतीपात्राने किंवा मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बाटलीने दिवसातून दोन-तीनदा. पाणी उकळलेलंच हवं, नळाचं किंवा टाकीचं नको. मेंदू खाणाऱ्या अमीबाच्या केरळमधल्या बातम्या अलीकडे वाचल्या असतील. तो नाकावाटेच शिरतो. गिळताना ठसका लागणाऱ्या किंवा पडून असलेल्या माणसाला नेती करायला लावू नका, त्यांना सलाइनचे थेंब पुरेत.

वाफेबद्दल माझं मत बहुतेक घरांत पटणार नाही. वाफेने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आजार लवकर बरा होतो याला भक्कम पुरावा नाही, आणि उकळत्या पातेल्यावर टॉवेल घेऊन बसवलेली मुलं आणि म्हातारी माणसं भाजून हॉस्पिटलात पोचतात. घ्यायचीच असेल तर प्लगवर चालणाऱ्या छोट्या यंत्राने घ्या. मुलांना नकोच.

नाक मोकळं करणारे ऑट्रिव्हिन, नॅझिव्हिऑनसारखे थेंब जादूसारखे वाटतात, आणि अडचण तीच आहे. तीन, फार तर पाच दिवसांपुढे वापरले तर थेंबांचा परिणाम ओसरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि माणूस बाटलीला बांधला जातो. मुलांचे थेंब वेगळ्या ताकदीचे असतात, मोठ्यांचे त्यांना घालू नयेत.

घराची तयारीही करून ठेवा. गेटवर वॉचमनला किंवा ॲपवर आधीच सांगा, नाहीतर डॉक्टर दहा मिनिटं रजिस्टरमध्ये नाव लिहीत उभे. पार्किंग कुठे मिळेल ते कळवा, पत्त्याबरोबर लोकेशनही पाठवा. कुत्रं असेल तर आतल्या खोलीत. पेशंटसाठी खिडकीजवळ किंवा चांगल्या दिव्याखाली खुर्ची. उदबत्ती विझवा, नाकाच्या आजारात धूर कशाला! आणि एका ताटात हे सगळं मांडून ठेवा: चालू असलेल्या गोळ्यांचे खरे पत्ते (नुसती नावं आठवून सांगायची नाहीत, 'ती पांढरी छोटी' याचा काही उपयोग नसतो), जुनी फाईल, थर्मामीटर, असेल तर साखरेचं मशीन आणि बीपीचं यंत्र. ताप कधी किती होता हे एका कागदावर वेळेसह लिहा.

डॉक्टर आल्यावर

चांगली तपासणी कशी असते हे ठाऊक असेल तर झाली की नाही ते समजतं. आधी प्रश्न: कधीपासून, कोणती बाजू, वास येतो का, दाढेचं काम केलंय का. हा शेवटचा प्रश्न अवांतर नाही. वरच्या दाढांची मुळं गालाच्या पोकळीला टेकलेली असतात, आणि एकाच बाजूचा, घाण वास येणारा सायनस हा अनेकदा किडक्या दाढेतून आलेला असतो. तसं निघालं तर पुढची वारी दाताच्या डॉक्टरांकडे.

मग ताप, नाडी, बीपी, बोटावर ऑक्सिमीटर. अंगठ्याने भुवईच्या आतल्या टोकाखाली आणि गालाच्या हाडावर दाबून दोन्ही बाजू तुलना करून बघतात. नाकाचा शेंडा वर करून टॉर्च मारतात, जीभ दाबून घशाच्या मागच्या भिंतीवरून पू ओघळतोय का ते पाहतात. टाळू बघतात. वरच्या दाढांवर हलकं टिचकतात. बोट फिरवून डोळे चारी बाजूंना फिरतात का, मान पुढे वाकते का, हे तपासतात. छातीला स्टेथोस्कोप लावतात, दम्याच्या पेशंटचा तर नक्कीच. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं. यातलं डोळ्यांचं राहून गेलं असं वाटलं तर नम्रपणे विचारा, 'डॉक्टर, डोळ्याकडे काही गेलं नाही ना?' कोणीही समजूतदार डॉक्टर त्यावर चिडत नाही.

बाईमाणूस एकटी राहत असेल तर तपासणीच्या वेळी शेजारच्या काकूंना बोलवून घ्यावं, किंवा बुकिंग करतानाच महिला डॉक्टर मागाव्यात.

न विचारता स्वतःहून सांगायच्या गोष्टी: गर्भारपण किंवा अंगावर पाजणं, दमा, ॲस्पिरिनने कधी श्वास लागला असेल तर ते, रक्त पातळ करायच्या गोळ्या, मूत्रपिंडाचा त्रास, काचबिंदू, आणि गेल्या महिन्याभरात घेतलेलं कोणतंही अँटिबायोटिक.

एक्स-रे काढायला सांगितला नाही म्हणून डॉक्टर कच्चे असं समजू नका. साध्या तीव्र सायनसमध्ये त्याचा उपयोग नाही, कारण सर्दीतही पोकळ्या धूसर दिसतात. सीटी स्कॅन लागतो तो गुंतागुंतीची शंका असेल तेव्हा.

इंजेक्शन आणि अँटिबायोटिकचा आग्रह

व्हिजिटची फी दिली की काहीतरी 'स्ट्राँग' मिळावं असं वाटतं, आणि डॉक्टरांनाही ते जाणवतं. 'एक इंजेक्शन देऊनच टाका' हे वाक्य पेशंटच्याच घरातून येतं. वेदनाशामक इंजेक्शनने दोन-चार तास दुखणं दबतं, पण डेंग्यूची शंका मिटलेली नसताना, किंवा मूत्रपिंड आणि हृदयाचा त्रास असताना ते महागात पडू शकतं. गोळी गिळता येत असेल तर गोळी पुरते.

अँटिबायोटिकचंही तसंच. 'आणखी दोन-तीन दिवस बघू, नाही उतरलं तर सुरू करा' असं म्हणून पुढच्या तारखेची चिठ्ठी देणारे डॉक्टर तुम्हाला टाळत नाहीत. बाकी प्रकृती चांगली असलेल्या मोठ्या माणसाला असं थांबवणं ही मान्य पद्धत आहे. सुरू करायचंच ठरलं तर पहिली पसंती बहुधा अमॉक्सिसिलिनला, एकटं किंवा क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडच्या जोडीने, साधारण पाच ते सात दिवस. मेडिकलवाल्याने पुढे सरकवलेला अ‍ॅझिथ्रोमायसिनचा तीन गोळ्यांचा पत्ता या आजारात पहिल्या पसंतीचा नाही, कारण सायनसमधले नेहमीचे जिवाणू त्याला जुमानत नाहीत असं वाढत चाललं आहे. सेफिक्झिमसारखी औषधं तर शेड्यूल एच-१ या सरकारी यादीत आहेत, त्यांची विक्री दुकानदाराला डॉक्टरांच्या आणि पेशंटच्या नावासह वहीत नोंदवावी लागते. पत्त्यावर लाल उभी रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

नाकातला स्टेरॉइडचा स्प्रे लिहून दिला तर 'स्टेरॉइड' शब्दाला बिचकू नका, तो नाकापुरता असतो. बाटलीचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न रोखता बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाकडे धरायचं. नाहीतर नाकातून रक्त येतं आणि मग दोष औषधाला.

निघताना आणि नंतर

चिठ्ठी दारातच वाचून घ्या. डॉक्टरांचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, तारीख, पेशंटचं नाव-वय आणि औषध किती दिवस, हे सगळं त्यावर हवं. नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असणं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेपासून बंधनकारक आहे. औषधाचं नाव लागत नसेल तर तिथल्या तिथे विचारा, मेडिकलवाल्यावर अंदाज बांधायची वेळ आणू नका. आणि एक प्रश्न नक्की: 'काय झालं तर तुम्हाला रात्री फोन करू, आणि काय झालं तर थेट हॉस्पिटलला जाऊ?' उत्तर चिठ्ठीच्या मागे लिहून ठेवा.

अँटिबायोटिक सुरू केल्यावर ४८ ते ७२ तासांत ताप आणि ठणका उतरायला लागला पाहिजे. नाही उतरला, किंवा वाढला, तर गोळ्या संपेपर्यंत वाट न बघता कळवा. अंगावर पुरळ, ओठ सुजणं, श्वास लागणं असं झालं तर पुढची गोळी नाही, लगेच हॉस्पिटल. नुसते जुलाब झाले तर डॉक्टरांना विचारून ठरवा. नाक थोडं भरलेलं राहणं आणि वास कमी येणं हे आणखी आठवडाभर चालू शकतं, त्यासाठी दुसरी व्हिजिट नको. चार आठवडे उलटूनही त्रास असेल, किंवा वर्षात चारदा हेच होत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे दुर्बिणीची तपासणी करून घ्या. नाकाचा वाकडा पडदा, ॲलर्जी, दात, असं काहीतरी मुळाशी असतं.

ऑफिससाठी सर्टिफिकेट हवं असेल तर ते व्हिजिटच्या वेळीच मागा. डॉक्टर ते तपासलेल्या तारखेपासून देतात. 'सोमवारपासूनचं लिहा ना' असं गुरुवारी म्हणायचं नाही. सोमवार ते बुधवारच्या सुट्टीचं एचआरशी तुमचं तुम्ही बोलायचं.